कॉलेजच्या ‘डायव्हर्सिटी व्हिजिट’ला जाताना : अमेरिकेतल्या मराठी घरांतून येणारे प्रश्न

माझी मुलगी बारावीत असताना अशा दोन भेटींना जाऊन आली. तेव्हापासून ओळखीतल्या आणि ओळखीच्याही पुढच्या घरांतून मला प्रश्न येत राहतात. न्यू जर्सी, टेक्सस, कॅलिफोर्नियातून येतात, आणि दरवर्षी काही पुण्या-नागपुरातूनही येतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आईवडिलांचे प्रश्न त्यांच्या शब्दांत आणि मुलांचे मुलांच्या. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे ‘फ्लाय-इन’ किंवा ‘डायव्हर्सिटी व्हिजिट’ म्हणजे नेमकं काय असतं?

अजून प्रवेश न मिळालेल्या, अर्जही न केलेल्या विद्यार्थ्याला कॉलेज स्वतःच्या खर्चाने दोन-तीन दिवस बोलावतं. वर्गात बसायचं, डायनिंग हॉलमध्ये जेवायचं, डॉर्ममध्ये झोपायचं, प्राध्यापकांना आणि फायनान्शियल एड ऑफिसच्या लोकांना भेटायचं. विल्यम्सचा ‘विंडोज ऑन विल्यम्स’, बोडनचा ‘एक्सप्लोर बोडन’, बेट्सचा ‘प्रोलॉग टू बेट्स’, कार्लटनचा ‘टेस्ट ऑफ कार्लटन’ ही यातली माहितीतली नावं. ॲमहर्स्टचा कार्यक्रम पूर्वी ‘डायव्हर्सिटी ओपन हाउस’ होता, पुढे तो ‘ॲक्सेस टू ॲमहर्स्ट’ झाला. नावं बदलत असतात, म्हणून शोधताना कॉलेजच्या नावापुढे ‘फ्लाय-इन’ लिहून पाहा.

यात छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं (पदवीपर्यंतच आणि सगळ्या प्रकारचे विषय शिकवणारी) जास्त का, तर ती आडबाजूला आहेत. विल्यम्स मॅसॅच्युसेट्सच्या पार वायव्य टोकाला डोंगरात, बोडन मेनमधल्या ब्रन्झविक गावात, कार्लटन मिनेसोटात नॉर्थफिल्डला. ज्यांना जमतं ती घरं उन्हाळ्यात गाडी काढून आठ-दहा कॉलेजं मुलांना दाखवून आणतात. ज्या आईला दोन दिवस सुट्टी घेतली तर दोन दिवसांचा पगार जातो, तिच्या मुलाला हे कॉलेज दिसणार कसं? त्या मुलासाठी ही सोय आहे.

२. हे फक्त काळ्या आणि लॅटिनो मुलांसाठी असतं ना? आपण भारतीय, आपल्याला कोण बोलावणार?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. सुरुवातीच्या काळात बऱ्याच कार्यक्रमांच्या नावातच ‘मल्टिकल्चरल’ असायचं आणि भर वंशावर असायचा. २९ जून २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या खटल्यांत प्रवेश देताना वंशाचा विचार करायला मनाई केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने वंश पाहून चालणाऱ्या कार्यक्रमांविरुद्ध कॉलेजांना कडक पत्र पाठवलं. ते पुढे कोर्टात टिकलं नाही, पण तोवर कॉलेजं सावध झाली होती. आता बहुतेक ठिकाणी ‘सर्वांना अर्ज खुला’ असं लिहिलेलं दिसेल आणि पुढे कमी उत्पन्नाच्या घरातली, घरात पहिल्यांदा कॉलेजला जाणारी, ग्रामीण भागातली मुलं यांचा उल्लेख असेल.

म्हणजे भारतीय असणं ही अडचणही नाही आणि आत शिरायचं तिकीटही नाही. घरची परिस्थिती पाहिली जाते. ‘इथली मराठी माणसं सगळी आयटीत’ हा समज आपणच पसरवला आहे. गॅस स्टेशनवर रात्रपाळी करणारे, रेस्टॉरंटच्या किचनमध्ये काम करणारे, टॅक्सी चालवणारे, एकटीने मुलं वाढवणाऱ्या आया मला माहीत आहेत. त्यांच्या मुलांनी अर्ज करायलाच हवा. नियमात बसत असूनही केवळ ‘आपल्यासाठी नसेल’ म्हणून न भरलेले फॉर्म पाहून मला फार वाईट वाटतं.

आणि ज्यांच्याकडे गाडी आहे, सुट्टी आहे, हॉटेलचा खर्च परवडतो, त्यांना माझं स्पष्ट मत सांगते: अर्ज खुला असला तरी साधी कॅम्पस टूर घ्या. ती बहुतेक ठिकाणी फुकट असते. फ्लाय-इनच्या जागा मोजक्या असतात.

३. फॉर्म कधी येतात आणि त्यात काय मागतात?

अकरावीच्या शेवटी, साधारण मे महिन्यापासून फॉर्म उघडायला लागतात. मुदत जुलै ते सप्टेंबरच्या आसपास संपते. भेटी सप्टेंबर ते नोव्हेंबरात, कारण ‘अर्ली डिसिजन’ची (प्रवेश मिळाला तर इथेच येईन अशा बोलीवर केलेल्या लवकरच्या अर्जाची) मुदत बहुतेक ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबर असते. काही कॉलेजं प्रवेश मिळालेल्या मुलांना एप्रिलमध्येही बोलावतात. ती भेट वेगळी आणि तिचं निमंत्रण बहुधा आपणहून येतं.

फॉर्ममध्ये घरची माहिती, शाळेची ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या वर्षांचं गुणपत्रक), एक-दोन छोटे निबंध आणि काही ठिकाणी काउन्सेलरचं शिफारसपत्र लागतं. अडतं ते इथेच. शाळा जूनमध्ये सुटते आणि काउन्सेलर ऑगस्टअखेरपर्यंत मेलला उत्तर देईलच असं नाही. ट्रान्स्क्रिप्टची पीडीएफ आणि पत्राची विनंती हे दोन्ही शाळा सुटण्याआधी उरका.

निबंधात कॉलेजची स्तुती नको. त्यांना त्यांचं कॉलेज माहीत आहे. तू संध्याकाळी काय करतोस, धाकट्या भावाला कोण सांभाळतं, कोणत्या विषयात तू वेळेचं भान विसरतोस, ते लिही.

४. बाबांचा भारतात डिप्लोमा झालाय आणि आई बारावी. मी ‘फर्स्ट-जन’ आहे का?

बहुतेक कॉलेजांची व्याख्या अशी: आई किंवा वडील, दोघांपैकी कोणाकडेही चार वर्षांच्या कॉलेजची पदवी नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, आयटीआय, डी.एड. या पदव्या नाहीत, त्यामुळे तू या व्याख्येत बसतोस.

गोंधळ होतो तो बी.कॉम., बी.ए.वाल्यांचा. ‘तीन वर्षांची आहे, चार नाही, मग चालेल ना?’ नाही. ती पदवीच आहे आणि फॉर्ममध्ये तशीच लिहायची. भारतातली पदवी इथे कामाला येत नसेल, बी.एस्सी. झालेली आई दुकानात उभी राहून काम करत असेल, तर ते निबंधात किंवा ‘आणखी काही सांगायचं आहे का’ या चौकटीत लिहा. वाचणाऱ्याला त्यातून घर कळतं. काही कॉलेजं फक्त अमेरिकेतली पदवी धरतात, पण तसं त्यांच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असेल तरच ‘हो’ म्हणा. शंका असेल तर ॲडमिशन ऑफिसला दोन ओळींचा मेल करा. विचारल्याने कोणाचं नाव खाली जात नाही.

५. तिथे जाऊन आलं की ॲडमिशन सोपी होते का? आणि निवड झाली नाही तर पुढे अडेल का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’, पण जरा समजून घ्यायला हवं.

भेटीची निवड आणि प्रवेशाची निवड हे वेगवेगळे निर्णय आहेत. फ्लाय-इनला नकार आला म्हणून मुख्य अर्जावर शिक्का बसत नाही. जागा कमी, अर्ज भरपूर, एवढाच त्याचा अर्थ. नकार आला तरी त्या कॉलेजला अर्ज करा.

जाऊन आल्याचा उपयोग कसा होतो, ते कॉलेजवर अवलंबून आहे. काही कॉलेजं विद्यार्थ्याने दाखवलेली उत्सुकता मोजतात, काही मोजत नाहीत. हे कोणाला विचारायचीही गरज नाही. कॉलेजच्या नावापुढे ‘कॉमन डेटा सेट’ असं शोधा आणि त्या कागदात सी-७ हा तक्ता काढा. गुण, निबंध, शिफारस यांना किती महत्त्व, हे तिथे ओळीने दिलेलं असतं. शेवटच्या ओळींपैकी एक ‘अर्जदाराची उत्सुकता’ ही असते. तिच्यापुढे ‘विचारात घेत नाही’ अशी खूण असेल, तर भेटीला गेल्याचे गुण मिळणार नाहीत.

खरा फायदा निबंधात होतो. ‘हेच कॉलेज का’ या प्रश्नाला वेबसाइट वाचून लिहिलेलं उत्तर आणि तिथल्या वर्गात बसून आलेल्या मुलीचं उत्तर, यांतला फरक पहिल्या ओळीत कळतो. तिला वर्गातला एक वाद आठवत असतो, तो तिने पुढे मनात चालू ठेवलेला असतो.

६. खर्च खरंच सगळा कॉलेज करतं? नंतर बिल येत नाही ना?

विमान, ट्रेन किंवा बसचं तिकीट, कॅम्पसवर राहणं आणि जेवण हे पूर्ण खर्चाच्या कार्यक्रमात येतं. तिकीट बहुधा कॉलेजच काढतं. विमानतळावर त्यांची बस किंवा व्हॅन येते, बोडन आणि बेट्ससाठी जवळचं विमानतळ पोर्टलंड, कार्लटनसाठी मिनियापोलिस. मात्र काही कार्यक्रमांत प्रवास आपला आणि राहणं त्यांचं, असंही असतं. निवडीच्या मेलमध्ये हे नीट वाचा.

घरापासून विमानतळापर्यंतचं भाडं, चेक-इन बॅगेचे पैसे आणि विमानतळावरचं खाणं बहुधा आपल्याकडे येतं. पाठीवरच्या एका सॅकमध्ये सगळं मावलं तर बॅगेचे पैसे वाचतात. एवढाही खर्च जड असेल तर आधीच कळवा, बरीच ऑफिसं तजवीज करतात. संकोच करू नका, अशाच घरांसाठी हा कार्यक्रम आखलेला आहे.

७. सतरा वर्षांची मुलगी. एकटीने विमानाने जायचं आणि अनोळखी मुलीच्या खोलीत रात्र काढायची. काकू, तुम्ही पाठवली असतीत?

मी पाठवली. पहिल्या रात्री मला झोप लागली नव्हती, म्हणून तुमची काळजी मला कळते.

प्रवासाचं सांगायचं तर अठरा वर्षांखालच्या प्रवाशाकडे देशांतर्गत विमानासाठी टीएसए, म्हणजे विमानतळावरची सुरक्षा तपासणी, ओळखपत्र मागत नाही. तरी शाळेचं ओळखपत्र जवळ असू द्या. अठरा पूर्ण झाली असतील तर मात्र रिअल आयडी (केंद्राच्या नियमांनुसार दिलेलं राज्याचं ओळखपत्र) किंवा पासपोर्टसारखं मान्य ओळखपत्र लागेल, कारण ७ मे २०२५ पासून तो नियम अमलात आला आहे.

कॉलेज पालकांची सही असलेलं संमतिपत्र आणि औषधोपचाराचा फॉर्म घेतं. होस्ट, म्हणजे ज्याच्या खोलीत राहायचं तो विद्यार्थी, ठरवताना कोणासोबत राहायला आवडेल हे विचारतं, तिथे मनातलं लिहायचं. दारूचं कायदेशीर वय इथे २१ आहे आणि होस्टना त्याबद्दल ताकीद असते. तरी मुलीशी आधी मोकळेपणी बोलून ठेवा. नको त्या पार्टीत कोणी ओढलं, तर ‘मी खोलीवर जाते’ म्हणून निघता आलं पाहिजे आणि त्याबद्दल घरी ओरडा बसणार नाही हे तिला माहीत हवं.

माझ्या मुलीचा अनुभव असा, की होस्ट संध्याकाळी नाटकाच्या तालमीला गेली आणि खोलीची किल्ली तिच्यासोबतच गेली. दीड तास मुलगी जिन्यात बसून होती, फोनची बॅटरी संपत आलेली. शेजारच्या खोलीतल्या मुलीने तिला आत घेतलं, चहा दिला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: कॅम्पस सेफ्टीचा नंबर, ॲडमिशन ऑफिसमधल्या समन्वयकाचा नंबर आणि डॉर्मच्या आरएचं (मजल्यावर लक्ष ठेवणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्याचं) नाव, हे तिन्ही फोनमध्येही हवं आणि कागदावरही.

दर तासाला फोन करू नका. रात्री झोपण्याआधी एकदा, अशी वेळ ठरवून घ्या.

८. आम्ही शाकाहारी. अंडंही चालत नाही. उपाशी राहील का?

नाही. फॉर्ममध्ये ‘अंडं नको’ असं वेगळं लिहा, कारण इथे ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की अंडं धरलेलं असतं. ‘व्हीगन’च्या काउंटरवर निश्चिंत जेवता येतं. चिवड्याची एक पिशवी सोबत द्या, होस्टलाही आवडेल.

९. काय घालायचं? फॉर्मल कपडे लागतात का?

लागत नाहीत. जीन्स, चालायचे बूट आणि ऑक्टोबरात मेन, मिनेसोटाकडे जायचं असेल तर जाड जॅकेट. काही ठिकाणी झोपायची पिशवी घेऊन या म्हणतात. नसेल तर कळवा, ते देतात.

१०. सगळे म्हणतात ‘प्रश्न विचार’. पण विचारू काय?

टूर गाइडला जे विचारशील त्याचं उत्तर ठरलेलं असतं. खरं कळतं ते रात्री खोलीत होस्टशी बोलताना आणि जेवणाच्या रांगेत. तिथे हे विचार: थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत जी मुलं घरी जाऊ शकत नाहीत, ती कुठे जेवतात? डायनिंग हॉल उघडा असतो का? थंडीच्या कोटासाठी, पुस्तकांसाठी मदत मिळते का? पहिल्या परीक्षेत नापास झालास तेव्हा कोणाकडे गेलास? शुक्रवारी रात्री पैसे न खर्चता काय करतोस? उत्तर द्यायला समोरच्याला किती वेळ लागतो, तेही बघ.

प्राध्यापक भेटले तर पहिल्या वर्षाच्या वर्गात किती मुलं असतात आणि शिकवतं कोण, ते विचार.

फायनान्शियल एड ऑफिससमोर बसायची संधी मात्र अजिबात सोडू नकोस. घरून वही घेऊन जा आणि उत्तरं लिहून आण. मदतीच्या पॅकेजमध्ये कर्ज धरता की नुसती ग्रँट (परत न करायची मदत)? बाहेरची स्कॉलरशिप मिळाली तर तुम्ही काय कमी करता, कर्ज की ग्रँट? आरोग्य विमा पॅकेजमध्ये आहे का? आणि आपल्या घरांचे दोन खास प्रश्न. एक, गावाकडे आजोबांच्या नावावर शेती किंवा घर आहे, ते कसं धरणार? दोन, बाबा दर महिन्याला आजी-आजोबांना पैसे पाठवतात, ते कुठे सांगायचं? सीएसएस प्रोफाइल (कॉलेजच्या मदतीसाठीचा घरच्या आर्थिक माहितीचा फॉर्म) भरताना ‘विशेष परिस्थिती’ लिहायला जागा असते. पाठवलेल्या पैशांचे बँकेचे कागद जपून ठेवा. मात्र शेती आजोबांच्या नावावर आहे की बाबांच्या, याचं उत्तर सातबारा पाहून द्या, अंदाजाने नाही.

जायच्या आधी प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवरचा ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ (मदत वजा जाता किती खर्च येईल याचा अंदाज देणारा) भरून बघा. ऑक्टोबर २०११ पासून कायद्याने तो ठेवावा लागतो. त्यातला आकडा छापून न्या आणि विचारा, ‘आमच्या बाबतीत हा आकडा कुठे चुकू शकतो?’

११. आम्ही एच-४ (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) वर आहोत. मुलीला अर्ज करता येईल का?

कार्यक्रमाची पात्रतेची ओळ शब्दशः वाचा. काही ठिकाणी ‘नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक’ असं असतं, तिथे दार बंद आहे. पण बऱ्याच ठिकाणी ‘अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये शिकणारे, नागरिकत्व काहीही असो’ असं असतं, तिथे ती बसते.

भेटीपेक्षा पुढचा प्रश्न मोठा आहे. एच-४ वर केंद्र सरकारची मदत मिळत नाही, आणि अनेक खाजगी कॉलेजं तुमच्या मुलीला आंतरराष्ट्रीय अर्जदारांत मोजतात. तिथे पैशांची गरज सांगितली तर प्रवेश अवघड होऊ शकतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन ही कॉलेजं आंतरराष्ट्रीय अर्जदारांचाही प्रवेश ठरवताना ऐपत पाहत नाहीत आणि प्रवेश दिला की गरजेइतकी मदत करतात. म्हणून भेटीत विचारायचा पहिला प्रश्न: ‘मी इथल्या शाळेत शिकते, एच-४ वर आहे, तर मला कोणत्या गटात धरणार?’ शिवाय २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, कधी जायचं हे वकिलाशी आधी बोलून ठेवा.

१२. मी पुण्यात बारावीत आहे. मला बोलावतील का?

बहुतेक फ्लाय-इन अमेरिकेत राहणाऱ्या मुलांपुरतेच असतात. पुण्याहून तिकीट काढून देणारा कार्यक्रम मिळेल या आशेवर थांबू नकोस. फक्त कॉलेज बघण्यासाठी स्वखर्चाने व्हिसा काढून जाण्याचा सल्लाही मी देणार नाही. तेवढे पैसे परीक्षांच्या आणि अर्जांच्या फीला लागतील.

त्याऐवजी कॉलेजांची ऑनलाइन सत्रं बघ. मुंबईत एज्युकेशन-यूएसएचं सल्ला केंद्र आहे, आणि कॉलेजांचे प्रतिनिधी मुंबई-पुण्यात येतात. प्रश्न १० मधले प्रश्न त्यांनाही विचारता येतात. त्या कॉलेजात शिकणारं कोणी मराठी मूल शोधून अर्धा तास व्हिडिओवर बोललास, तर रात्री होस्टच्या खोलीत जे कळलं असतं त्यातलं बरंच कळेल.

१३. आम्ही बौद्ध आहोत. फॉर्ममध्ये जातीचा दाखला जोडायचा का? निबंधात जातीबद्दल लिहावं का?

दाखला जोडू नका. इथल्या फॉर्ममध्ये जातीचा रकाना नाही आणि आपल्याकडच्या आरक्षणाचा इथे संबंध नाही.

लिहावं का, हे फक्त लिहिणाऱ्याने ठरवायचं. लिहायलाच हवं असं नाही आणि लपवायलाच हवं असंही नाही. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात आले, हा वारसा ज्या घरात रोज बोलला जातो त्या घरातल्या मुलीकडे सांगण्यासारखं खूप असतं. तिला ते सांगावंसं वाटत असेल तर जरूर लिहावं. २०२३ च्या निकालातही सरन्यायाधीशांनी म्हटलं आहे, की वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने लिहिलं, तर ते विचारात घ्यायला मनाई नाही. जातीच्या अनुभवाबद्दलही तसंच लिहिता येतं.

वाचणाऱ्याला जात म्हणजे काय हे ठाऊक नसेल असं धरून दोन साध्या वाक्यांत समजावायचं आणि लगेच स्वतःकडे यायचं: काय घडलं, तू काय केलंस, आज काय करतेस. आजोबांचं दुःख मोठं असलं तरी अर्ज तुझा आहे. घरच्यांनी इथे आडनाव बदललं असेल, कोणाला सांगितलं नसेल, तर लिहिण्याआधी त्यांना विचार.

कॅम्पसवर दक्षिण आशियाई मुलांच्या गटात कोणी आडनाव किंवा ‘तुमच्याकडे काय खातात’ असं विचारलं, तर उत्तर द्यायलाच हवं असं नाही. ब्रँडाइस विद्यापीठाने डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जात घातली. जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने आपल्या सगळ्या कॅम्पससाठी तसंच केलं. ज्या कॉलेजात जाशील तिथल्या धोरणात हा शब्द आहे का, हे विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे.

१४. भेटीच्या शनिवारीच एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) आहे. काय सोडू?

परीक्षा पुढच्या तारखेला देता येत असेल आणि ते गुण मुदतीत पोहोचणार असतील, तर परीक्षा हलव. नाहीतर कॉलेजला विचार. काही कार्यक्रम दोन वेगवेगळ्या आठवड्यांत होतात आणि ते तुला दुसऱ्या गटात घेऊ शकतात. शाळा बुडेल त्याची काळजी नको. निवडीचा मेल दाखवला की बहुतेक शाळा ती रजा कॉलेज-भेट म्हणून मान्य करतात.

१५. निवड झाली, पण आता जाता येत नाही. न कळवता राहिलं तर चालेल का?

चालणार नाही. प्रतीक्षा यादीत कोणीतरी थांबलेलं असतं, आणि तिकीट निघण्याआधी कळलं तर ती जागा त्या मुलाला मिळते. कारण सविस्तर सांगायची गरज नाही. आजारपण, घरची अडचण, भावाला सांभाळायला कोणी नाही, एवढं पुरतं. ‘मला यायचं होतं, येता येत नाही, अर्ज मात्र करणार आहे’ असा मेल आजच पाठव, आणि शेवटी विचार की एखाद्या विद्यार्थ्याशी फोनवर बोलता येईल का. माझ्या ओळखीत ज्यांनी हे विचारलं, त्या प्रत्येकाला ‘हो’ असंच उत्तर आलं.